पहारा

आमचं बेट एवढं अरुंद
की पूर्वेच्या वाळूत कोणी शिंकलं
तर पश्चिमेच्या धक्क्यावरचा माणूस मागे वळून बघतो.
म्हणून जमतं हे माझ्या नवऱ्याला,
पहाटे या काठाला, संध्याकाळी त्या.

एकतीस वर्षं अबकार किल्ल्याच्या दारावर रात्रपाळीला होता.
सूर्य उगवणं म्हणजे त्याच्या लेखी
कंदील विझवणं, किल्ल्या सोपवणं, घरी येऊन
भिंतीकडे तोंड करून झोपणं.
दिवस नावाचा प्रकार तो नुसता ऐकून होता.

मग डावी बाजू गेली.
नम्पुलाच्या इस्पितळातली नर्स म्हणाली, चालवा यांना,
सकाळच्या कोवळ्या उन्हात, रोज.
संध्याकाळचं तिने काहीच सांगितलं नव्हतं.
ती भर याने पदरची घातली.
मी म्हटलं, उगवत्याला सगळेच सलाम करतात,
मावळत्याकडे तुझं काय काम?
तोंड वाकडं होतं अजून, शब्द ओठांवरून सांडत होते,
तरी म्हणाला,
कोणी निघालं असेल
तर दारापर्यंत जायचं असतं.
चौकीदार आहे मी.

मी पहाटे दगडावर मुसीरोचं लाकूड उगाळते,
तोंडाला पांढरा लेप लावते,
नारळाच्या दुधात तांदळाचं पीठ कालवून ठेवते,
मग याला धरून वाळूवर नेते,
उलट्या घातलेल्या होडीला टेकवून बसवते
आणि परत फिरते.
मला कुठला वेळ सूर्य बघायला?
चुलीच्या धुरातून दिसेल तेवढा माझा.

एकदा शेखसाहेबांनी हटकलं,
सूर्य वर येत असताना नमाज नसते, ठाऊक आहे ना?
हा म्हणाला, पढत नाहीये. बघतोय.
शेखसाहेब थांबले.
मग झग्याचं टोक सावरून तेही टेकले जरा,
बघायला मनाई आहे का
ते आठवत.

लिस्बनहून एक बाई आली होती, काखेत चटईची गुंडाळी.
तिने विचारलं, श्वास किती मोजता? नजर कुठे ठेवता?
अबकार म्हणाला, मी बसतो. तो येतो.
ती आठ दिवस शेजारी बसली.
चटई उलगडलीच नाही.
जाताना मला एवढी घट्ट मिठी मारली
की माझा अर्धा लेप तिच्या गालावर गेला.

आमचा उसेन चेष्टा करतो,
बाबा, हा सूर्य आधी हिंदुस्थानात उगवून येतो,
आपल्याला मिळतो तो वापरलेला,
बाजारातल्या गाठोड्यातल्या शर्टासारखा.
असू दे, हा म्हणतो.
मापाचा आहे.

जूनमधली गोष्ट. लाकडं ओली होती, चूल पेटेना,
म्हणून मी वाळूवरच रेंगाळले.
ढगाची कड फाटली आणि तो एकदम अंगावरच आला,
डोळे उघडे ठेवता येईनात.
तेव्हा याचा डावा हात,
दोन वर्षं ओल्या कापडासारखा लोंबणारा,
मी न्हाऊ घालते, मी बाहीत घालते तो हात,
उठला
आणि कपाळावर आडवा झाला,
होडीवरच्या माणसाचा होतो तसा.
मी श्वास घेतला नाही.
हा बघतच होता समोर.
मग हात खाली मांडीवर आला, निजला.
याला पत्ताच नाही.

दुसऱ्या दिवशी तसं झालं नाही.
तिसऱ्या दिवशीही नाही.
पावसाळा आला, गेला. नाहीच.
मी सांगितलेलं नाही त्याला.
सांगितलं तर हाताकडे बघत बसेल
आणि सूर्य राहील.

आता मी दोन्ही वेळा जाते.
डाव्या बाजूला बसते.
मचव्यांची शिडं तांबडी होतात, पूल काळा पडतो,
पलीकडच्या खारफुटीत सगळं हळूहळू विझतं,
असं तो घरी येऊन सांगतो.
मी त्यातलं काही पाहिलेलं नसतं.
त्याचा पहारा सूर्यावर,
माझा त्या हातावर.

गिऱ्हाइकं कुरकुरतात, अतीजा,
हल्ली तुझ्या भाकऱ्यांना फार उशीर होतो.